एकादशीचा भात

आई बाराव्या वर्षापासून एकादशी धरत आली. अल्झायमरचे निदान होऊन चार वर्षे झाली होती, वय अठ्ठ्याहत्तर. कार्तिकी एकादशीला तिने साबुदाण्याची खिचडी बाजूला सारली आणि भात मागितला. आज एकादशी आहे, मी म्हणाले. "म्हणजे काय? मला भात दे."

निदान झाले त्या आठवड्यात तिनेच मला बजावले होते, "पुढे मला कळायचं नाही. माझी एकादशी मोडू देऊ नकोस." मी हो म्हटले होते.

कोणत्या आईचे ऐकायचे? रोनाल्ड ड्वॉर्किनने 'लाइफ्स डोमिनियन'मध्ये (१९९३) हाच पेच मार्गो नावाच्या, अल्झायमर होऊनही आनंदात असलेल्या बाईवरून मांडला. समजा, शाबूत असताना तिने पुढचे उपचार नाकारणारे लिहून ठेवले असते, तर? ते पाळावे, असे ड्वॉर्किनचे म्हणणे. आयुष्याला आकार देण्याचा हक्क त्या आधीच्या मार्गोचा. रिबेका ड्रेसरने हरकत घेतली : आज समोर असलेल्या मार्गोचे हित मागे का टाकायचे?

मला दोघांचेही पटते, हीच अडचण. लेखकाने शेवटचा हात फिरवलेली संहिता प्रमाण, असे आम्ही अनुवादक सहसा धरून चालतो. पण हात फिरवणारा मूळ पुस्तकच विसरला असेल तर? (तुलना इथे लंगडी पडते. पुस्तकाला भूक लागत नाही.)

धर्मशास्त्राने आठ वर्षांखालच्यांना आणि ऐंशीपुढच्यांना एकादशीतून मोकळे ठेवले आहे. आई दोन वर्षांनी कमी पडते. आजाऱ्यालाही सवलत असते, पण ती तिने तापातसुद्धा कधी घेतली नाही. मात्र व्रताला संकल्प लागतो. एकादशी म्हणजे काय हेच जिला उमगत नाही, तिला उपाशी ठेवले तर तो उपवास कोणाचा? फार तर माझ्या शब्दाचा; तिच्या वाट्याला नुसती भूक. इथवर येऊन मला सुटल्यासारखे वाटले. मग आठवले, आपल्याला कळणार नाही हे ओळखूनच तर तिने माझ्याकडून शब्द घेतला होता.

मी कुकर लावला. मऊ भात, वर साधे वरण, तूप. तिने ताट पुसून खाल्ले.

"तू नाही जेवत?"

"माझी एकादशी आहे," मी म्हणाले. जन्मात कधी धरली नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "मग चहा तरी घे."