एक आशीर्वाद आणि एक इन्कार

नाताळच्या सुट्टीत माझ्या तेरा वर्षांच्या भाचीने मला विचारले, "मामा, जादूटोण्याची गोष्ट वाचली तर ते पापनिवेदनात सांगावे लागते का?" तिच्या हातात लॉइड अलेक्झांडर या अमेरिकन लेखकाची 'द ब्लॅक कॉल्ड्रन' ही कादंबरी होती. मेलेल्या माणसांना मुके, निर्दय सैनिक करून पुन्हा उभे करणारी एक अघोरी काहील तिच्यात आहे आणि दलदलीत राहणाऱ्या तीन चेटकिणीही आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गात कोणीतरी तिला सांगितले होते, की असली पुस्तके ख्रिस्ती घरात ठेवू नयेत. "अगं, ती नुसती गोष्ट आहे," असे म्हणून मी मोकळा झालो असतो; परंतु ते उत्तर अप्रामाणिक ठरले असते. गोष्ट 'नुसती' असते असे ज्याला वाटते, त्याने मुलांना उधळ्या पुत्राचा दाखला तरी कशासाठी सांगावा?

शिवाय त्या सांगणाऱ्याच्या भीतीला हसणे मला प्रशस्त वाटत नाही. रविवारी मिस्सेला येऊन सोमवारी कुणा भगताचे दार ठोठावणारी माणसे आपण पाहिलेली नाहीत असे थोडेच आहे? १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने भविष्यकथन आणि जादूटोणा यांचा स्पष्ट निषेध केला आहे. मात्र त्या निषेधामागील कारण आपण सहसा वाचत नाही. गूढ शक्तींना आपल्या दावणीला बांधावे आणि त्यांच्या बळावर शेजाऱ्यावर सत्ता गाजवावी, या लालसेत ग्रंथाला पाप दिसते. हे कारण ध्यानात घेतले, की पुस्तकाला विचारायचा प्रश्नच पालटतो. कथेत जादू आहे का, एवढे विचारून भागत नाही. ती कथा वाचणाऱ्याच्या मनात सत्तेची हाव जागवते, की हातातली सत्ता सोडण्याचे धैर्य, हे पाहावे लागते.

या कादंबऱ्यांचे मूळ वेल्स आणि आयर्लंड येथील प्राचीन केल्टिक कथांत आहे. त्या कथा ख्रिस्तपूर्व देवदेवतांच्या छायेत जन्मल्या खऱ्या. पण त्या आपल्यापर्यंत कोणी पोचवल्या? आयर्लंडमध्ये तरी त्या मठवासी आणि धर्मसेवक लेखनिकांनी पोचवल्या. बाराव्या शतकातील 'बुक ऑफ लेन्स्टर' हे हस्तलिखित आज डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात आहे. तपकिरी वळूसाठी पेटलेल्या युद्धाची महाकथा, 'टॉइन बो कूलन्ये', त्यात संपते तेथे लेखनिकाच्या दोन टिपा आहेत. पहिली आयरिश भाषेत आहे: जो कोणी ही कथा याच रूपात, काही न बदलता, निष्ठेने मुखोद्गत करील त्याला आशीर्वाद. दुसरी लॅटिनमध्ये. तिच्यात तो म्हणतो, की या इतिहासावर, किंवा खरे तर कल्पितावर, आपला विश्वास नाही. यातील काही सैतानी फसवणूक आहे, काही कवीची कल्पना, काही शक्य, काही अशक्य, तर काही मूर्खांच्या मनोरंजनासाठी रचलेले.

मला या दोन टिपा फार मोलाच्या वाटतात. विद्वानांनी त्यांचे अर्थ नाना तऱ्हांनी लावले आहेत. मला मात्र तेथे एक प्रामाणिक मनुष्य दिसतो. जे खरे नाही ते खरे आहे असे तो म्हणत नाही, आणि जे आपल्या पूर्वजांचे आहे ते जाळूनही टाकत नाही. घरच्या भाषेत तो आशीर्वाद देतो आणि धर्माच्या भाषेत इन्कार नोंदवतो. त्याने एखादी भाषा मिटवली असती, तर त्याचा विश्वास अधिक बळकट झाला असता असे मला वाटत नाही. (आपल्याकडे १५७९ साली आलेल्या इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' रचताना उलट दिशेने असाच पूल बांधला. आशय ख्रिस्ताचा, छंद ओवीचा.)

आता भाचीच्या पुस्तकाकडे येतो. अलेक्झांडर दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून काही काळ वेल्समध्ये होते. पुढे १९६४ ते १९६८ या काळात त्यांनी प्रिडेन या कल्पित देशाच्या पाच कादंबऱ्या लिहिल्या आणि शेवटच्या 'द हाय किंग'ला १९६९ साली न्यूबेरी पदक मिळाले. नायक टॅरन हा कोणी राजपुत्र नव्हे. तो डुकरे राखणाऱ्याचा मदतनीस, आणि त्याच्या राखणीतील डुकरीण भविष्य जाणते! ती मृतांची काहील मिळवण्यासाठी त्याला चेटकिणींशी सौदा करावा लागतो. मरणोन्मुख मित्राने दिलेला एक ब्रोच त्याच्यापाशी आहे. तो धारण केल्यापासून त्याला कधी नव्हे ती दूरदृष्टी लाभली आहे. तोच ब्रोच त्याला देऊन टाकावा लागतो. शहाणपण देऊन मग पुन्हा मूर्खासारखे चाचपडत चालायचे! जादू हाती आल्यावर सोडून देणारा नायक मुलांच्या वाङ्मयात मला क्वचितच भेटला आहे.

आणि ती काहील फोडायची कशी? कोणा जिवंत माणसाने, काय होणार हे जाणून, स्वेच्छेने तिच्यात उतरले तरच ती फुटते, आणि उतरणारा परत येत नाही. ते काम टॅरन करीत नाही. एलिडिर नावाचा दरिद्री, अहंकारी, मत्सराने जळणारा राजपुत्र ते करतो. दुसऱ्याचे श्रेय लाटणारा तोच. मूळ वेल्श कथेत, 'मॅबिनोगी'च्या दुसऱ्या शाखेत, असेच आहे. एव्हनिसियन हा कलहप्रिय माणूस पाहुण्यांच्या घोड्यांची विटंबना करतो, स्वतःच्या भाच्याला आगीत फेकतो, आणि अखेर मृतांत मृत म्हणून पडून काहिलीत जातो. तेथे अंग ताणून तो ती फोडतो आणि त्याबरोबर त्याचे हृदयही फुटते. येथे घाईघाईने ख्रिस्त शोधण्याचा मोह आपल्या धर्मशिक्षकांना होतो. मला तो आवडत नाही. एलिडिर ख्रिस्त नाही. फार तर तो वधस्तंभावरील दुसरा चोर आहे, आणि तेवढे पुरेसे आहे. १९८५ च्या डिस्ने चित्रपटात एलिडिर नाहीच. तेथे एक गोंडस केसाळ प्राणी उडी घेतो आणि शेवटी जिवंतही होतो. मुलांना रडू नये म्हणून केलेला हा बदल मला जादूटोण्यापेक्षा अधिक घातक वाटतो.

ॲलन गार्नर यांची 'द आउल सर्व्हिस' (१९६७) पंधरा वर्षांच्या आतील मुलांना देऊ नये. ती कठीण आहे आणि तिच्यात पुष्कळ राग आहे. तिच्या मुळाशी 'मॅबिनोगी'च्या चौथ्या शाखेतील ब्लोडाइवेद आहे. एका तरुणाला मानवी पत्नी मिळू नये असा शाप असतो, म्हणून मांत्रिक त्याच्यासाठी फुलांची स्त्री घडवतात. पुढे ती दुसऱ्यावर प्रेम करते, पतीच्या वधाचा कट रचते आणि शिक्षा म्हणून घुबड होते. तिला कोणीही विचारले नव्हते, की तुला हा पती हवा का? वधूवरांच्या संमतीची जागा कोणतीही मानवी सत्ता घेऊ शकत नाही, असे आपला धर्मसभेचा कायदा सांगतो. तो वाचताना मला ही फुलांची मुलगी आठवते. आणि आजोबा-काकांनी परस्पर 'शब्द दिलेल्या' आपल्याकडच्या काही मुलीही. गार्नर यांच्या कथेत हे जुने वैर तीन तरुणांच्या अंगात शिरते. ज्याचा अपमान झाला आहे, ज्याची बाजू न्याय्य आहे, तो ग्विन क्षमा करू शकत नाही. मान तुकवतो तो ज्याच्याबद्दल आपल्याला मुळीच आपुलकी वाटत नव्हती तो रॉजर, आणि मग घुबडांची फुले होतात. न्याय्य रागाने माणूस कसा दगड होतो हे इतक्या स्पष्टपणे सांगणारे प्रवचन मी फारसे ऐकलेले नाही.

सुझन कूपर यांच्या पाच पुस्तकांच्या मालिकेशी (१९६५ ते १९७७) मात्र माझे भांडण आहे. तिच्यात प्रकाश आणि अंधार यांचे युद्ध आहे, आणि 'द ग्रे किंग'मधील मेंढपाळ जॉन रोलंड्स प्रकाशाच्या बाजूलाच सुनावतो, की तुमच्या सत्यात थंडपणा आहे, एका माणसाच्या दुःखाला तेथे जागा नाही. फार मोठे बोलणे आहे ते! परंतु शेवटच्या पुस्तकात लढलेल्या मुलांच्या स्मृतीच पुसून टाकल्या जातात, त्यांच्या भल्यासाठी म्हणून. ज्याने निवड केली त्याला ती आठवण्याचाही अधिकार नसावा? तरीही ही पुस्तके घरात असावीत. मुलांनी ती वाचावीत आणि आईवडिलांशी वाद घालावा.

भाचीला मी एवढे सारे सांगितले नाही. पुस्तक वाचणे हे पाप नाही, एवढेच म्हणालो आणि मालिकेतील चौथे पुस्तक, 'टॅरन वाँडरर', तिच्या हाती दिले. त्यात अनाथ टॅरन आपल्या जन्मदात्यांचा शोध घेत हिंडतो. क्रॅडॉक नावाचा एक गरीब, पांगळा मेंढपाळ सांगतो, की मीच तुझा बाप. थोर कुळाचे स्वप्न मोडते. टॅरन मनातून कुढतो, पण त्या उजाड माळावर राबत राहतो. एका हिवाळी वादळात म्हातारा घळीत कोसळतो. वर उभ्या टॅरनच्या मनात क्षणभर येते, की आता मी सुटलो. लगेच त्या विचाराने तो शरमून जातो आणि जीव धोक्यात घालून खाली उतरतो.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. चेटकिणी, काहील, डुकरीण यांच्याबद्दल तिने काहीही विचारले नाही.

"मामा," ती म्हणाली, "टॅरन खाली उतरला ते खरे. पण उतरण्यापूर्वी त्याच्या मनात जे आले, ते त्याला सांगावे लागेल का?"