आवाज कुणाचा?

पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी पोरं घसा फोडून “आवाज कुणाचा?” असं विचारतात, आणि उत्तरही त्यांनाच ठाऊक असतं. मोटारीचं तसं नाही. ती आवाज करते आणि गप्प बसते. कुणाचा ते आपण शोधायचं. गाडी नवी असली तर कंपनीशी भांडता तरी येतं. पण जुनी असली, आणि त्यातून स्पोर्ट्स कार असली, तर भांडायचं कुणाशी? तिथे प्रश्न नुसता मेकॅनिकचा राहत नाही, थोडासा नीतिशास्त्राचाही होतो.

आमचे साडू इंग्लंडात रेडिंगला असतात. त्यांच्याकडे एक एमजीबी आहे. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी ही गाडी १९६२ पासून १९८० पर्यंत बनत होती, आणि अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. दोन माणसांची, टप काढता येणारी, इतकी बुटकी की तिच्यात आपण बसत नाही, पहुडतो. शेजारून बस गेली की तिची चाकं आपल्या डोळ्यांसमोरून जातात आणि देवाची आठवण होते.

तर ही गाडी निघताना ‘खट्ट’ करायची. ब्रेक लावला की पुन्हा ‘खट्ट’. मधे सारं शांत.

आवाजापाठोपाठ तत्त्वज्ञान आलंच. मेहुणी म्हणाली, “विकून टाका ती एकदाची.” हा संन्यासमार्ग. शेजारचे म्हातारे गृहस्थ म्हणाले, “या वयाच्या गाड्या असं करतातच.” हा प्रारब्धवाद. आणि साडूंनी काय केलं? रेडिओ मोठा केला. हा शुद्ध मायावाद! जे ऐकू येत नाही ते मिथ्या!

मी पडलो कॉमर्सचा माणूस, त्यातून बँकेत कारकून. रेडिओ मोठा करण्याला आमच्या शास्त्रात सस्पेन्स अकाउंट म्हणतात. तेरीज जुळत नाही, पोटात कावळे ओरडताहेत, अशा वेळी फरकाची रक्कम त्या खात्यात टाकायची. बेरजा झटक्यात जुळतात. चूक होती तिथेच असते. फक्त आता तिला स्वतःचं खातं मिळालेलं असतं.

शेवटी मेहुणीने हट्टच धरला म्हणून गाडी एका वयस्कर मेकॅनिककडे नेली. मला वाटलं, हा बॉनेट उघडून आत डोकं घालील. पण त्याने बॉनेटला हातही लावला नाही. खिशात हात घालून त्याने वकिलासारखी उलटतपासणी सुरू केली. “उभ्या गाडीत येतो का? इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो की चाकांच्या? क्लच दाबल्यावर बदलतो का?”

यात मोठा अर्थ असतो हो. उभ्या गाडीतही आवाज येत असेल तर चाकं सुटली. चालती गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळू दिली, इंजिनाच्या फेऱ्या उतरल्या, तरी आवाज चाकांच्याच गतीने चालू राहिला तर इंजिन बहुधा सुटलं. गुरगुर असेल आणि डावीकडे वळताना वाढत असेल तर संशय उजव्या चाकाच्या बेअरिंगवर, कारण त्या वेळी भार उजवीकडे जातो. आणि अगदीच पेच पडला तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायची, झाला स्टेथोस्कोप. हे नाही, तेही नाही, असं करत जायचं आणि उरेल ते खरं मानायचं. उपनिषदांनी ब्रह्म शोधायला हीच रीत सांगितली. इंग्लंडात तिने चाक सापडतं, एवढाच फरक.

एकदा एका आवाजाचा संशय आला की सगळेच आवाज संशयित होतात. किल्ली फिरवताच मागून टकटक येते, तिच्याकडे साडूंनी बोट दाखवलं. मेकॅनिक हसला. “तो पेट्रोलचा पंप. कार्ब्युरेटर भरेपर्यंत टकटकणारच. तो गप्प बसला की माझ्याकडे या.”

आरोपी निघाला मागचं चाक. या गाडीला सायकलसारखी तारांची चाकं होती. चाकाच्या आत खाचा, हबवर खाचा, आणि त्या एकमेकींत बसतात. तिथे ग्रीस लागतं. साडूंच्या अगोदरच्या मालकाने किती वर्षं ते लावलं नव्हतं देव जाणे. खाचा झिजल्या, म्हणून गाडीला ओढ बसली की हब किंचित पुढे सरकून चाकावर आपटायचा; ब्रेक लावला की उलट. एवढंच ते ‘खट्ट’. पण मेकॅनिक पुढे म्हणाला, “ब्रेक धरतो हबला, चाकाला नाही. खाचा पुरत्या झिजल्या की हब थांबेल आणि चाक फिरत राहील.” साडूंनी हळूच रेडिओकडे पाहिलं. त्याखाली काय झाकलं होतं, ते त्या वेळी त्यांना उमगलं असावं.

गंमत पुढेच आहे. इंग्लंडात गाड्यांची दरवर्षी सरकारी तपासणी होते. पण मे २०१८ पासून चाळिशी उलटलेल्या आणि फारसा बदल न केलेल्या गाड्यांना ती माफ आहे. माणसाचं अगदी उलट. आमची तपासणी चाळिशीलाच सुरू होते! मात्र तपासणी माफ झाली तरी गाडी धड ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच, असंही तो कायदा म्हणतो. परीक्षा माफ, अभ्यास नाही. आणि खरी नीती इथेच सुरू होते. विचारायला कुणी येणार नाही असं कळल्यावर ऐकायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

बँकेत आम्हाला काचेवर टकटक करून भांडणारा खातेदार नकोसा होतो. वास्तविक त्याला आपल्याकडून अजून आशा असते. ज्याची आशा संपते तो भांडत नाही. फॉर्म भरतो, शिल्लक घेतो आणि सभ्यपणे निघून जातो. आम्ही म्हणतो, काय शांत माणूस! तेरीज जुळली म्हणजे चूक नाही असं समजू नये, हे कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. नावेकडची शंभराची चूक आणि जमेकडची शंभराची चूक एकमेकींना सांभाळून घेतात, आणि बेरजा कशा गुण्यागोविंदाने नांदतात!

घरातही तेच. बायको कुरकुरते तोवर संसार पंपासारखा चालू आहे असं समजावं. मुलगा भांडायचा थांबला तर तो शहाणा झाला असेल, किंवा त्याने आपल्याला सांगणं सोडून दिलं असेल. आणि आई उठताना “आई गं” म्हणायची, ती म्हणेनाशी झाली, तर गुडघा बरा झाला असं धरून पेपर वाचत बसू नये. पेपर खाली ठेवावा. कधी दुखतो, जिना चढताना की उतरताना, रात्री की सकाळी, असं त्या मेकॅनिकसारखं एकेक विचारत जावं. “काही नाही रे” असं ती म्हणणारच. तरी आणखी एकदा विचारावं.