न विचारता झालेला जामीनदार

माझे वडील एकदा मित्राच्या कर्जाला जामीन राहिले. हप्ते थकले आणि पतसंस्थेची नोटीस आमच्या घरी आली. आई चिडली. वडील एवढंच म्हणाले, "सही मीच केली होती ना!" ज्याची सही, त्याची जबाबदारी. मला ते पटलं.

पण मग मी कुठे सही केली होती?

१९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं. बच्छावत लवादाने वाट्याला दिलेलं कृष्णेचं पाणी २००० सालापर्यंत अडवायची घाई होती, तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. म्हणून रोखे काढून बाजारातून पैसा उभा केला. १९९८ साली त्याच धर्तीवर गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ आलं, मुख्यालय आमच्याच शहरात. अशा रोख्यांना राज्य सरकारची हमी असते. हमी म्हणजे जामीनच. महामंडळाला फेडता आलं नाही, तर तिजोरी फेडणार. तिजोरी म्हणजे तुम्ही-आम्ही.

तेव्हा मी रांगत होतो.

कॅलिफोर्नियात १९६० साली पाण्यासाठीचे १७५ कोटी डॉलरचे रोखे थेट मतदानाला टाकले होते. थोडक्या मतांनी ते मंजूर झाले. आपल्याकडे कायदा विधिमंडळाने केला, विचारणं तिथेच संपलं. त्यांचं बरं, असं वाटतं. पण १९६१ साली जन्मलेल्या मुलाला तिथेही कुणी विचारलं नव्हतं.

शिवाय मी हात कसे झटकू? माझ्या घरचा नळ जायकवाडीवर चालतो. ते धरण १९७६ सालचं, रोख्यांच्या आधीचं. आधीच्या पिढीचा पैसा त्यात आहे, नाथसागरात बुडालेली गावं आहेत. ते पाणी पिऊन 'हे कर्ज माझं नाही' कुठल्या तोंडाने म्हणू?

खटकतं ते वेगळंच. हमी सगळ्यांची असते, पाणी सगळ्यांना मिळत नाही. कालव्याच्या टेलला कोरडा राहिलेला शेतकरीही माझ्याइतकाच जामीनदार आहे.

वडिलांनी पैसे भरले आणि मित्राला एकच विचारलं, "कशाला लागले होते, तेवढं सांग." जामीनदाराचा तेवढा हक्क असतोच. जन्माला न आलेल्यांची संमती घेता येत नाही, पण त्यांच्यासाठी हिशेब ठेवता येतो: किती उचलले, किती रान भिजलं, कुणाचं राहिलं.

आता मी मतदार आहे. पुढच्या सह्यांमध्ये माझीही असेल. जामीनदार मात्र अजून पाळण्यातही नाहीत.