सनद आणि श्रद्धा

मुंबईत देऊळ, मशीद, अग्यारी, चर्च आणि यहुद्यांचे प्रार्थनामंदिर हाकेच्या अंतरावर नांदतात, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु या शहराचे जुने दप्तर चाळले असता असे दिसते की हा शेजार प्रथम करारमदारातून जमला, आणि स्नेह, जेथे उपजला तेथे, मागाहून उपजला. १६७७ साली दीवचा व्यापारी निमा पारख याने मुंबईस वस्ती करण्यापूर्वी कंपनी सरकारकडून जी कलमे मागितली, त्यांत आपल्या घरी आपला धर्म निर्वेधपणे आचरता यावा, आपल्या आवारात ख्रिस्ती वा मुसलमान राहू नये आणि तेथे जीवहत्या होऊ नये, हेही एक कलम होते. ही मागणी संकुचित खरी. तथापि मला तिच्याविषयी आदर वाटतो, कारण ज्याच्या मनात आपल्याविषयी यत्किंचितही ममता नाही, त्यालाही बांधून घेण्याचे सामर्थ्य लेखी शब्दात असते.

जुम्मा मशिदीची हकीकत याहून उद्बोधक आहे. किल्ल्यानजीकची जुनी मशीद कंपनीच्या हुकमाने पाडली गेली. मुंबादेवीलाही अठराव्या शतकातच आपले मूळ ठाणे सोडावे लागले. मशिदीसाठी मिळालेली नवी जागा म्हणजे एक तलाव होता, आणि त्याच्या मालकाने तो बुजवू नये अशी अट घातली. १७७५ मध्ये आरंभलेले काम १८०२ मध्ये तडीस गेले. आजही आत गेल्यावर काळ्या दगडाच्या कमानी थेट पाण्यातून वर आलेल्या दिसतात, त्यांनी सबंध इमारत पेललेली असते, आणि वजू करणाऱ्यांच्या हातांजवळून मासे निर्धास्त फिरत असतात. त्या एका मालकाची अट दोन शतकांहून अधिक काळ पाळली गेली आहे! शेजाऱ्याला दिलेले वचन मात्र इतके टिकले नाही: ऑगस्ट १८९३ चा हिंदू-मुसलमान दंगा याच मशिदीच्या परिसरात पेटला, आणि १९९२-९३ च्या दंग्यांचे दिवस तर पुष्कळांच्या आठवणीत आहेत.

मांडवीत १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर या कंपनीच्या पलटणीतील बेने इस्रायली अंमलदाराने शहरातील पहिले यहुदी प्रार्थनामंदिर बांधले. घरी मराठी बोलणारा हा समाज १९४८ नंतर बव्हंशी इस्रायलला गेला, आणि सामुदायिक प्रार्थनेस तर किमान दहा पुरुष लागतात. निमा पारखाच्या हाती निदान व्यापाराचे बळ होते. ज्यांच्यापाशी संख्या नाही आणि सौदाही नाही, त्यांच्या वास्तूच्या रक्षणाचे कलम कोणी मागावयाचे आणि कोणाकडे, हा प्रश्न मला आज सर्वांत निकडीचा वाटतो.