उंच माणसाचे काय करायचे?

फराळाची ताटे उचलली गेली, की घरोघर पत्त्यांचे डाव बसतात. दोन-तीन डाव सुरळीत जातात. मग कोणाची धाकटी वहिनी किंवा कोणाचा मेहुणा सारखा जिंकू लागला, की कोणीतरी हळूच सुचवते, "आता असे चालायचे नाही हं! यापुढे हुकूम शेवटी उघडायचा." नियम सर्वांना सारखाच लागू असतो, पण तो कोणाकडे पाहून निघाला, हे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. ज्याच्यासाठी निघाला तो हसत पत्ते पिसतो. हसावेच लागते त्याला. रागावला तर खिलाडूपणा नाही म्हणून पुन्हा बोल लागायचा!

मी पेशाने शाळामास्तर, म्हणजे दर जूनमध्ये नवे नियम करणारा प्राणी. अर्धा तास होईपर्यंत कोणीही पेपर देऊन वर्गाबाहेर जाऊ नये, असा आमच्याकडे एक नियम आहे. तो केव्हातरी एका फार हुशार मुलासाठी झाला असणार, याविषयी मला शंका नाही. म्हणून एखाद्याच्या गुणाला आवर घालण्यासाठी नियम करणे न्यायाचे आहे काय, हा प्रश्न मला चैन पडू देत नाही. त्याचा सगळ्यांत स्वच्छ नमुना मला जिथे सापडला ती जागा जरा दूरची आहे: अमेरिकेतला बास्केटबॉल. दूरची असली तरी एक सोय आहे. बहुतेक खेळ कोणी आणि कधी काढले हे सांगता येत नाही. या खेळाचा बाप माहीत आहे, जन्मसालही माहीत आहे, आणि त्यात पुढे केलेला प्रत्येक फेरफार कागदोपत्री नोंदलेला आहे.

बापही आमच्याच जातकुळीतला, मास्तर. मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या स्प्रिंगफील्ड येथे १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ याच्यापुढे अठरा धटिंगण विद्यार्थी होते. बाहेर थंडी, आत व्यायामशाळा. मैदानी खेळ आत खेळवले तर हातपाय मोडायचे. त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फुटांवर सज्जाच्या कठड्याला ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. चेंडू घेऊन पळायचे नाही. पळणाराच नसला की त्याला पाडायचे कारण उरत नाही. टोपली डोक्यावर उंच; म्हणजे चेंडू जोराने हाणून उपयोग नाही, तो अलगदच टाकला पाहिजे. दांडगाईला बक्षीस मिळू नये, एवढाच त्या तेरा कलमांचा मथितार्थ. मला हा मनुष्य फार आवडतो. मात्र दहा फुटांच्या टोपलीला सहज हात पोचेल अशी माणसेही जन्माला येतील, हे त्याच्या कलमांत कोठे नव्हते.

तशी माणसे आली. मिनिआपोलिसच्या लेकर्स संघात जॉर्ज मायकन नावाचा सहा फूट दहा इंचांचा चष्मेवाला होता. तो टोपलीखाली उभा राहिला की त्याला अडवणे कोणाला जमत नसे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनच्या संघाने त्याच्यावर एक अजब उपाय केला. चेंडू आपल्या हाती आला की टोपलीकडे जायचेच नाही. तो धरून उभे राहायचे, नाहीतर आपापसांत फिरवत बसायचे. प्रेक्षक ओरडत राहिले आणि सामना संपला तो १९ विरुद्ध १८ असा. फोर्ट वेन विजयी. लेकर्सच्या अठरांतले पंधरा गुण एकट्या मायकनचे होते. त्या व्यावसायिक संघटनेच्या इतिहासात इतका कमी गुणांचा सामना दुसरा झालेला नाही.

आता सांगा, फोर्ट वेनने काय चूक केले? एकही नियम मोडला नव्हता. दुबळ्याने बलवंतापुढे शोधलेली ती वाट होती, आणि माझे मन प्रथम त्यांच्याच बाजूने धावते. पण थोडे थांबून पाहिले की अस्वस्थ वाटते. त्यांनी नियम पाळले आणि खेळ मात्र खेळले नाहीत. असे सज्जन आपल्याकडेही पुष्कळ दिसतात. कायद्याच्या अक्षराबाहेर त्यांचे पाऊल पडत नाही, आणि त्यांच्या शेजाऱ्याला सुखाची झोप मिळत नाही.

चेंडू धरून बसण्याच्या या रोगावर १९५४ मध्ये औषध निघाले. सिरॅक्यूज संघाचा मालक डॅनी बायसोन आणि त्याचे सहकारी यांनी अगदी वाण्याचा हिशेब केला. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंद. चांगल्या, रंगलेल्या सामन्यात दोन्ही बाजू मिळून चेंडू सुमारे १२० वेळा टोपलीकडे जातो. भागाकार चोवीस. तेव्हा चोवीस सेकंदांच्या आत प्रयत्न करा, नाहीतर चेंडू समोरच्याला द्या. एका संघाचे सामन्यामागे सरासरी गुण आदल्या हंगामात ७९.५ होते, ते ९३.१ वर गेले. या नियमाशी माझे भांडण नाही. बायसोनला गल्ल्याची काळजी होती हे उघड आहे. पण घड्याळ कोणाचे तोंड पाहत नाही, उंचाचेही नाही आणि ठेंगण्याचेही नाही.

दुसरी तऱ्हा निराळी. टोपलीखालच्या पट्ट्यात चढाई करणाऱ्याने तीन सेकंदांहून अधिक थांबायचे नाही, असा निर्बंध आधीपासून होता. १९५१ मध्ये तो सहा फुटांचा पट्टा बारा फूट रुंद केला, तो सरळसरळ मायकनला दूर लोटण्यासाठी. त्याची सरासरी २८.४ वरून २३.८ वर उतरली. तरी लेकर्सनी १९५२, ५३ आणि ५४ ही तिन्ही वर्षे जिंकलीच. पुढे १९६४ मध्ये विल्ट चेंबरलेनसाठी तो पट्टा सोळा फुटांचा झाला. येथवरही मी कसाबसा मान डोलावतो. पट्टा रुंद केला तरी मायकनला दुरून चेंडू टाकायची मुभा होती. त्याची जागा हलवली, त्याचा हात कापला नाही.

हात कापला तो ल्यू अल्सिंडरचा. हा लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा सात फूट दोन इंचांचा मुलगा. १९६७ मध्ये त्याच्या संघाने महाविद्यालयांचे विजेतेपद मिळवले, आणि त्याच वर्षी महाविद्यालयीन खेळात 'डंक', म्हणजे उंच उडी घेऊन चेंडू वरून टोपलीत कोंबणे, यावर बंदी आली. खेळाडू जखमी होतात, टोपलीची कडी वाकते, अशी कारणे दिली गेली. असा चेंडू टाकणारे बहुतेक काळे खेळाडू आहेत, तेव्हा या नियमाला भेदभावाचा वास येतो, असे त्या मुलाने तेव्हाच बोलून दाखवले. अल्सिंडरच्या संघाने पुढची दोन्ही विजेतेपदेही घेतली. त्याने हुक मारण्यावर भर दिला: अंग आडवे करून, एक हात पूर्ण वर नेऊन चेंडू अलगद सोडायचा. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने त्याने व्यावसायिक सामन्यांत ३८,३८७ गुण केले. तो उच्चांक २०२३ मध्ये लेब्रॉन जेम्सने मोडीपर्यंत टिकला.

ही हकीकत सांगणारे पुष्कळ लोक शेवटी मोठ्या समाधानाने म्हणतात, "पाहा, बंदी आली म्हणून तर तो थोर झाला!" हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत वेगवेगळ्या रूपांत इतक्यांदा ऐकले आहे, की त्याचा मला तिटकारा आला आहे. छडी मारली म्हणून मुलगा शिकला. फी माफ केली नाही म्हणून जिद्दीने वर आला. वर आला तो त्याच्या गुणाने, आणि श्रेय लाटले छडीने! अल्सिंडरचा हुक काही बंदीने दिलेला नव्हता. तो शाळकरी वयातच त्याने हाती बसवला होता, आणि तोही मायकनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरावाने. एका उंच माणसाने दुसऱ्याला दिलेले ते देणे होते. १९७६ मध्ये बंदी उठली तेव्हा महाविद्यालय सोडून त्याला सात वर्षे झाली होती. त्या नऊ वर्षांत ज्या मुलांना असा दुसरा मार्ग सापडला नाही, त्यांची नावे कोणाला माहीत आहेत?

अडवणाऱ्याविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण त्याच्या बाजूने बोलणारे थोडे. बोस्टनच्या बिल रसेलने तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवली, ती मुख्यतः बचावाच्या बळावर. समोरच्याचा चेंडू अडवताना तो प्रेक्षकांत भिरकावून देत नसे. मैदानातच राहील असा टोलवी, म्हणजे सोबत्याच्या हाती लागे. अडवणे हीही कला आहे. पण गेली कित्येक वर्षे बहुतेक नियम अडवणाऱ्याचेच हात बांधत आले. पुढच्याच्या अंगाला हात लावून त्याला रोखण्यावर १९७८ पासून निर्बंध येत गेले आणि २००४ मध्ये ते कडक झाले. टोपलीखाली विनाकारण उभे राहण्याची तीन सेकंदांची मर्यादा २००१ मध्ये बचाव करणाऱ्यालाही लागू झाली. त्याच वेळी त्याला वाटेल त्या जागेचा बचाव करण्याची मोकळीक मिळाली, हे मात्र न्यायाने सांगितले पाहिजे. २००३-०४ मधली ९३.४ ची सरासरी २०२२-२३ मध्ये ११४.७ झाली. लोकांना टोपलीत पडणारा चेंडू पाहायचा असतो, आणि तिकिटाचे पैसे लोक देतात.

आणि मायकन? १९६७ मध्ये निघालेल्या एका नव्या व्यावसायिक संघटनेचा तो पहिला आयुक्त झाला. दुरून टाकलेल्या चेंडूला दोनाऐवजी तीन गुण, हा नियम त्याने तेथे आणला. ठेंगण्यांनाही संधी मिळावी, असे त्याचे म्हणणे होते. ज्याला पट्टा रुंद करून बाहेर लोटले, त्यानेच बाहेरच्यांसाठी रेघ आखली. जुन्या, मोठ्या संघटनेने ती १९७९ मध्ये स्वीकारली. पहिल्या हंगामात संघ सामन्याला असे सरासरी तीन प्रयत्नही करीत नसत. २०१५-१६ मध्ये स्टीफन करी या सव्वासहा फुटांच्या गृहस्थाने (आपल्याकडे त्याला ताडमाड म्हटले असते, तेथे तो लहानखुरा) एकट्याने असे ४०२ चेंडू टोपलीत टाकले.

अलीकडे तक्रार ऐकू येते ती अशी की दुरून टाकणाऱ्यांचे फार झाले, रेघ आणखी मागे न्यावी. पण मैदानाची रुंदी पन्नास फूट आहे. कोपऱ्यात ती रेघ टोपलीपासून बावीस फुटांवर, म्हणजे कडेपासून जेमतेम तीन फुटांवर येते. तेथे खेळाडूची दोन पावलेच कशीबशी मावतात.