जसं झालं तसं



डायरी लिहायला बसलं, की आपण नकळत केस विंचरून घेतो. भांडण झालेलं असतं, पण वहीत चूक समोरच्याची होते. आपला चढलेला आवाज तेवढा गळतो. वही वाचणार कोण? कुणीच नाही. तरीसुद्धा.

लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिलं, ते मात्र जसं झालं तसं. त्यांच्या माहेरी सोवळ्याचं वेड इतकं, की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. नवरा कवी, आणि लहरी. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा या बाईच्या पायाखालची जमीनच सरकली. ताटातूट झाली. लक्ष्मीबाई सगळं लिहितात. राग लिहितात, रडणं लिहितात. स्वतःची फजिती तर अगदी चवीनं लिहितात. टिळकांचा हट्ट झाकत नाहीत, आणि त्यांच्यावरची मायाही लपवत नाहीत. पुढे त्याही त्या वाटेनं गेल्या, पण आपल्या पावलांनी. आधी मनातला जातिभेद गेला, मग बाप्तिस्मा. मला तर वाटतं, त्यांची श्रद्धा प्रार्थनेइतकीच स्वतःवर हसण्यात आहे.

मंडळी, जसं झालं तसं लिहिलं, की समोरच्याची बाजूही कागदावर येते. ती दिसली, की माफ करणं जरा सोपं जातं. स्वतःलासुद्धा. देवाची कृपा म्हणतात, ती बहुधा अशीच येते. न मागता.

आज चार ओळी लिहून बघा. घरातल्या कालच्या बोलाचालीबद्दल लिहा. आपण काय बोललो, ते आधी.