हद्दीपाशी थांबलेली निळी रेघ

अंबरनाथच्या शिवालयात देवाकडे चढून जाता येत नाही. सभामंडपातून वीसएक पायऱ्या खाली उतरावे लागते. अंधाराला डोळे सरावत असतानाच माणूस जमिनीच्या पोटात शिवलिंगासमोर येऊन उभा राहतो, आणि मान वर करतो तो डोक्यावर छत नाही. शिखराचा माथा उघडा आहे आणि तेथून आकाश सरळ देवावर उतरले आहे. शिलाहार राजा छित्तराजाने आरंभलेले हे काम मुम्मुणी राजाच्या कारकिर्दीत पुरे झाले. शिलालेखातला शक 982, म्हणजे इसवी सन 1060. शिखर अपुरे राहिले, ढासळले, की मुळातच उघडे ठेवले, याचा निवाडा जाणत्यांनी करावा. मला तेथे दर वेळी एकच गोष्ट जाणवते, की ज्यांनी हे स्थळ निवडले त्यांनी दगडाला छिन्नी लावण्यापूर्वी भूमी वाचली होती: कोठे सखल आहे, कोठे पाणी वाहते, कोठून उजेड येईल. वालधुनी नदीचा काठ हा त्या मंदिराचा पहिला थर आहे, आणि भिंती त्याच्यानंतर आल्या.

भूमी वाचण्याच्या या विद्येला आज स्वतंत्र व्यवसायाची प्रतिष्ठा आहे. 1858 साली ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स या जोडीने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला, आणि पुढे ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ ही संज्ञा जगभर रूढ झाली. आपल्याकडे अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत माळ आणि भातखाचरे यांच्या जागी गृहसंकुले उभी राहत असताना या व्यवसायातील मंडळींच्या हाताखालून जितकी जमीन जाते, तितकी पूर्वीच्या काळी एखाद्या संस्थानिकाच्या हाताखालूनही गेली नसेल. म्हणूनच माझ्या मनात प्रश्न येतो, की जमिनीला आकार देणे हा धर्म आहे की केवळ अलंकार?

बदलापुरातील अशाच एका संकुलाच्या आवाराचा नकाशा मला एकदा जवळून पाहावयास मिळाला. काम मन लावून केलेले होते. समोच्च रेषा बारीक, झाडांची यादी विचारपूर्वक केलेली, बहावा, ताम्हण, करंज अशी आपल्या मातीतली झाडे निवडलेली. सर्वेक्षक, आरेखक, वनस्पतितज्ज्ञ, पाण्याचा निचरा पाहणारा अभियंता, अशा सगळ्या चमूची नावे कोपऱ्यात क्रमाने लिहिलेली. आवारातून जाणारा ओढा निळ्या रेघेने दाखविला होता, आणि ती निळी रेघ हद्दीच्या काळ्या रेषेपाशी येऊन थांबली होती. पलीकडे कोरा कागद होता. त्या जागेवर रोपे लावणाऱ्या माळीबुवांचे नाव यादीत नव्हते. मी त्यांना सहज विचारले, तेव्हा ते म्हणाले, “झाड कुठं लावायचं ते मागनं ठरतं साहेब. आधी पाणी कुठनं येतं आन् कुठं जातं ते बघावं लागतं.” त्या बुवांनी कोरा कागद पाहिला नव्हता, पण उणीव नेमकी हेरली होती.

वेदान्तात घटाकाश आणि महाकाश हा दृष्टान्त आहे. घटातले आकाश वेगळे भासते ते घटाच्या उपाधीमुळे. घट फुटला तरी आकाशाला तडा जात नाही. मोजणीची हद्द ही अशीच एक उपाधी आहे. दफ्तरी ती आवश्यक आहे, मालकीचे आणि वहिवाटीचे तंटे तिच्याशिवाय मिटणार नाहीत. पण पाऊस, माती आणि मुळे यांना सातबारा ठाऊक नसतो. घटालाच आकाश समजणे ही जशी अविद्या, तशीच भूखंडाला भूमी समजणे ही देखील अविद्याच होय, आणि तिचे फळ पावसाळ्यात मिळते. 2005 च्या जुलैतल्या पुरात बदलापूरकरांनी ते भोगले. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तेव्हा निळ्या आणि लाल पूररेषा कागदावर कोठे होत्या, हे नदीने कोणाला विचारले नव्हते.

जमिनीला आकार देणे हा धर्म की अलंकार, या प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्राने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. यज्ञयाग हे ‘इष्ट’, आणि विहिरी, तळी, देवालये, उपवने निर्माण करणे हे ‘पूर्त’. इष्टाचा अधिकार द्विजांपुरता राखला गेला, पूर्ताचा मात्र सर्वांना दिला गेला, ही गोष्ट मला त्या शास्त्राच्या उदारतेची मोठी खूण वाटते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या विषयाचा विस्ताराने परामर्श घेतला आहे. त्यातला कळीचा विधी म्हणजे ‘उत्सर्ग’. तळे खणून झाले, पाणी लागले, पायऱ्या बांधून झाल्या, म्हणजे पूर्त पुरे होत नाही. करणाऱ्याने ते पाणी सर्व भूतमात्रांसाठी सोडावयाचे, आपला हक्क काढून घ्यावयाचा, आणि त्यानंतर त्या पाण्यावर त्याचा अधिकार इतरांइतकाच उरावयाचा. उत्सर्गावाचून जे उरते ती मालमत्ता, पूर्त नव्हे. अलंकार आणि धर्म यांच्यातली सीमा मला येथे दिसते, आणि ती सौंदर्याच्या कमीअधिकपणावर मुळीच अवलंबून नाही.

हा धर्म आपण कसा पाळला ते पाहावयाचे असेल, तर अंबरनाथहून वालधुनीच्या काठाने थोडे खाली जावे, तेथे उल्हासनगर लागते. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या ओसाड बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे नामकरण झाले. या समाजाचे दैवत झूलेलाल हे जलदैवत. चाळीस दिवसांचे चालिहो व्रत येथे आजही पाळले जाते, आणि ज्योत व पूजेचा ‘बहिराणा’ घेऊन माणसे पाण्याकडे जातात. ज्यांची सिंधू गेली, त्यांच्या दाराशी नियतीने वालधुनी आणून ठेवली होती. तिचे आपण सगळ्यांनी मिळून काय केले? कारखान्यांचे रसायन आणि कपडे धुण्याच्या कारखान्यांतला रंग तिच्यात सोडला. 2014 च्या अखेरीस तिच्यात ओतलेल्या रसायनाच्या विषारी वायूमुळे शेकडो रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले. जलदैवताच्या उपासकांच्या गावातून वाहणाऱ्या नदीपासून माणसाने नाक झाकून दूर व्हावे, याहून अधिक खेदाची गोष्ट मला सांगता येणार नाही.

अंबरनाथच्या मंदिर परिसराच्या विकासाचे काम आता शासनाने हाती घेतले आहे. 1958 च्या कायद्याखालील हे संरक्षित स्मारक असल्याने त्याच्याभोवती शंभर मीटर बांधकामास मनाई आहे, आणि पुढच्या दोनशे मीटरांवर नियमन. घाट होतील, फरसबंदी होईल, दिवे लागतील. भाविकांची सोय झालीच पाहिजे, आणि त्यासाठी झटणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. पण त्या घाटाच्या पायऱ्या जेथे संपतात तेथले पाणी ओंजळीत घेता येत नसेल, तर उत्सर्ग करावयाचा तो कशाचा?

या आराखड्यांवर काम करणाऱ्या तरुण मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. कागद पसरलात, की आधी वालधुनी काढा, काकोळ्याच्या डोंगराकडून येणारी, कल्याणच्या खाडीला मिळेपर्यंतची, सबंध. आपल्या कामाची हद्द तिच्यानंतर आखा, आणि चमूच्या यादीत माळ्याचे नाव लिहा.